डावखुऱ्या मुलीची रायफल

मी रायफल शूटिंग करते असं ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरी ठेवतेस का? नाही. घरी नसते, कधीच नव्हती. सिंगापूरमध्ये ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहते, तिथेच हातात मिळते, तिथेच परत द्यायची आणि मग हात हलवत बसस्टॉपवर यायचं. माझ्या नावावरची वस्तू, पण ती माझ्या खोलीत एक रात्रही राहिलेली नाही. आत्ता हे मी तांजोंग पगारहून घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या फोनवर टाइप करतेय, एका हाताने, डाव्या. तो डावा हात महत्त्वाचा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. या प्रकरणात जे काही झालं त्याची सुरुवात तिथूनच आहे.

तेव्हा, म्हणजे मी कॉलेजात असताना, आम्ही चोआ चू कांगला राहायचो. अजूनही तिथेच, पण तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एलआरटीच्या रुळांना लागून. गाडी आमच्या ब्लॉकजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट व्हायच्या, म्हणजे प्रवाशांना आमचं घर दिसू नये, पण आवाजाला कुणी पडदा लावला नव्हता. सकाळी गाडीची घरघर, तिच्यावर आईचा मिक्सर, त्याच्यावर शेजारच्या आंटीची कढई खणखणायची, आणि या सगळ्यात बाबा पुण्याच्या टीमबरोबर कॉलवर. बाबा आयटीत. आई अकाउंट्समध्ये. बाहेर मी सिंगापुरी इंग्रजीत वाक्यामागे लाह-लोर लावत कितीही बोलले तरी घरात मराठीच बोलायचं हा आईचा नियम. कॉरिडॉरमधे कढीपत्त्याची कुंडी होती, तिला फेऱ्या मारणारे सगळे हात लावायचे आणि आई सगळ्यांवर नजर ठेवायची. रेंजच्या दिवशी ती मला फॉइलमध्ये थालीपीठ बांधून द्यायची, आणि मी ते बसमध्येच संपवायचे, कारण रेंजवर तेलकट बोटांनी काही धरलं तर कोच मिस्टर लिम नुसते बघायचे. ओरडायचे नाहीत. ते नुसतं बघणं जास्त वाईट होतं.

शाळेत एअर रायफल होती, त्यातून मी क्लबच्या पॉइंट टू टू रायफलवर आले. छोटं काडतूस असतं, बोटाच्या पेराएवढं, त्याच्या बुडाच्या कडेवर पिन आपटते म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. आणि सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे सिनेमातलं तडतडतड नाही, हे मी आईला शंभरदा सांगितलंय. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. फक्त रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढचं काडतूस आपोआप आत येतं, हाताने खटका ओढावा लागत नाही. त्यामुळे गालाची जागा हलत नाही, श्वास मोडत नाही. मला ते इतकं आवडलं होतं की मी झोपेतही मोजून श्वास घ्यायचे. त्या वर्षी मला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर रायफल घेता येणार होती, क्लबच्या परवानगीने, आणि घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. म्हणजे माझ्या बाजूने नव्हता. बाबांना हे सगळं मुळात पटतच नव्हतं. आपण इथे नोकरीच्या पासवर राहतो, सयू, बॅडमिंटन खेळ ना, असं ते दर आठवड्याला एकदा म्हणायचे. आईचा प्रश्न वेगळा. तिने कुकर घेताना जे विचारलं होतं तेच विचारलं, सर्व्हिसिंग कुठे होतं?

सल्ला द्यायला कॅनडातल्या कॅलगरीचा ओंकारदादा होता, माझा मामेभाऊ. तो मला रोज लिंका पाठवायचा. त्यांच्याकडे काही रायफली 'नॉन-रिस्ट्रिक्टेड' यादीत असतात, त्या लायसन्स असलं की घरी कुलपात ठेवता येतात, असं तो सांगायचा आणि मग त्यातल्या कुठल्या चांगल्या, कुठल्या अडकतात, कुठलीला कसलं मॅगझिन. मी त्याला सांगायचे, दादा, आमच्याकडे अशी यादीच नाही, इथे सगळंच रिस्ट्रिक्टेड आहे, क्लब मागवेल त्यातलीच घ्यायची. तो म्हणायचा हो हो, आणि आणखी चार लिंका पाठवायचा. शेवटी क्लबतर्फे ज्या येऊ शकत होत्या त्यातल्या दोनच मला परवडणाऱ्या आणि मापाच्या निघाल्या. पहिली अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. तिच्याबद्दल मी सांगू नये आणि तुम्ही विचारू नये. मधासारखा रंग, दस्त्यावर लाकडाच्या रेषा अशा वळलेल्या की बोट फिरवत बसावं, वजनाने हलकी, ट्रायलसाठी रेंजवर हजरही होती. दुसरी काळी, प्लास्टिकची, गालाखालची पट्टी वरखाली करायला स्क्रू, एकूण दिसायला ऑफिसच्या प्रिंटरची बहीण. पण ती डावखुऱ्यांसाठी केलेली होती. आणि मागवावी लागणार होती, म्हणजे महिनोन्महिने वाट बघायची.

मिस्टर लिमनी एकदाच सांगितलं, काळी घे. कारण साधं आहे. नेहमीच्या रायफलची पुंगळी उजवीकडे उडते. उजव्या हाताच्या माणसाचं तोंड डाव्या बाजूला असतं, त्याला काही त्रास नाही. मी डावखुरी, माझा गाल उजव्या बाजूला टेकतो, म्हणजे प्रत्येक पुंगळी माझ्या नाकासमोरून जाते आणि पुढे रायफलला आधार दिलेल्या उजव्या हातावर पडते. गरम असते. चटका बसतो, अगदी फोडणीचा थेंब उडाल्यासारखा. मी म्हटलं चालेल, सवय होईल. लहानपणापासून कात्र्या, डबे उघडायची ओपनरं, कॉलेजातल्या हाताच्या खुर्च्या, सगळंच उलट्या बाजूचं वापरत आलेय, त्यात एक रायफल. आणि चटक्यावर उपाय म्हणून मी बाबांचं जुनं जाड जॅकेट घालून जायला लागले. बाह्या लांब होत्या, म्हणून तीन-चार घड्या घालून मनगटापर्यंत वर घेतलेल्या.

आता रेंजवरची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या पुंगळ्या आपण मोजायच्या नाहीत. शेजारच्या लेनवाल्याने मोजायच्या. जेवढी काडतुसं घेतली तेवढ्या पुंगळ्या परत दिल्याशिवाय कुणी गेटबाहेर पडत नाही, कारण रिकामी पुंगळीसुद्धा बाहेर नेणं इथे गुन्ह्यात जातं. खिसे उलटे करून दाखवायचे, तोंडाने सांगायचं की माझ्याकडे काही नाही, आणि जायचं. माझ्या डाव्या बाजूच्या लेनमधे शू टिंग असायची. तीन वर्षं माझ्या पुंगळ्या ती मोजायची, तिच्या मी. कमी बोलणारी, पण माझं थालीपीठ तिला आवडायचं, त्याला ती इंडियन पिझ्झा म्हणायची आणि मी दरवेळी चिडायचे म्हणून मुद्दाम म्हणायची. ती क्लबच्या ज्युनियर टीममधे होती आणि पंधरा दिवसांवर मोठी स्पर्धा आली होती.

त्या शनिवारी अक्रोडवाली माझ्या हातात होती आणि माझे नेम असे लागत होते की मी मनातल्या मनात तिला घरी, म्हणजे शस्त्रागारात, घेऊनच गेले होते. शू टिंगने माझ्या पुंगळ्या मोजल्या, बरोबर आहेत म्हणाली, ट्रे जमा केला. काउंटरवर परत मोजलं तर एक कमी. मग सगळे थांबले. मॅट झटकल्या, गवतात हातांनी शोधलं, खिसे तीनदा उलटे झाले, बुटांतून पाय काढून दाखवले. बाह्यांच्या घड्या कुणी उलगडल्या नाहीत, माझ्याही डोक्यात आलं नाही. मिस्टर लिमनी विचारलं तेव्हा मी म्हटलं की माझ्या तर सगळ्या मॅटवरच पडल्या. खरंच तसं वाटत होतं. पण त्याचा अर्थ एवढाच निघत होता की शू टिंगने मोजताना घोळ केला. तिने न मोजताच बरोबर म्हटलं असं ठरलं, आणि पुढचं कळेपर्यंत तिचं नाव स्पर्धेच्या टीममधून काढलं. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, एवढंच. घरी मला उशीर का झाला विचारलं तर मी म्हटलं, काहीतरी हरवलं होतं, शोधत होतो. बाबांच्या समोर रेंजचा विषय जेवढा कमी निघेल तेवढा बरा, म्हणून पुढे काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. ओंकारदादाने फॅमिली ग्रुपवर आधीच गेल्या वर्षीचा फोटो टाकला, पाटावर त्याची रायफल, तिला झेंडूचा हार, कुंकवाचं बोट. मावश्यांचे धडाधड नमस्कार. आईने तो फोटो मोठा करून बघितला आणि मला म्हणाली, तुझं काहीच नाही गं ठेवायला. आमच्याकडे दरवर्षी पाटावर बाबांचा लॅपटॉप, आईची कात्री आणि चकलीचा सोऱ्या, आणि माझं काय तर कॅल्क्युलेटर. मी म्हटलं तेच ठेव, चालतंय. नवमीला सकाळी आंघोळ करून बाहेर आले. शिऱ्याचा वास, उदबत्ती, टेक्का बाजारातून आणलेला झेंडू, आई नऊ दिवसांच्या उपासाने जरा उतरलेली पण खुशीत. म्हणाली, बघ, तुझ्यासाठी गंमत ठेवलीय. पाटावर लॅपटॉप आणि सोऱ्याच्या मधे विड्याचं पान, आणि पानावर पितळेची इवलीशी पुंगळी. चिंचेने घासून लखलखीत केलेली. वर हळद, वर कुंकू.

मी विचारलं, कुठून आणलीस. ती म्हणाली जॅकेट धुवायला टाकताना बाहीतून पडली, म्हटलं रायफल येत नाही तर निदान तिचं हे तरी, रिकामंच आहे ना, कचराच तो. मी खाली बसले. सगळं सांगितलं, शू टिंगचंही. बाबांनी लॅपटॉप पाटावरून उचलून बाजूला ठेवला, जसं काही तो त्या पुंगळीच्या शेजारी दिसायला नको. मग शांतपणे म्हणाले, ती चूटमध्ये टाक. किचनमधल्या कचऱ्याच्या चूटमध्ये, आत्ता, विषय संपला. कुणाला काही कळणार नाही. मी ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. सांगितलं तर रायफल गेली, क्लब गेला, बाबांचा पास माहीत नाही. टाकलं तर पुढच्या महिन्यात अक्रोडवाली माझी. हे दोन्ही मला पाटावर ठेवल्यासारखं समोर दिसत होतं.

आई म्हणाली, "आणि त्या मुलीचं काय?"

बाबा म्हणाले, "तिला काही शिक्षा नाही झालेली. एक स्पर्धा आहे."

"मंदार, सयूची असती स्पर्धा तर?"

"सयूला नोकरी मिळायचीय अजून या देशात. मला माझा पास रिन्यू करायचाय. तुला कळतंय का आपण काय घरात ठेवून बसलोय?"

"कळतंय. मीच ठेवलंय. सयू, तुझ्या सरांना फोन लाव, मी बोलते."

बाबांनी उठून चूटचं झाकण नीट लागलंय का बघितलं, आणि परत येऊन सोफ्यावर बसले. मी फोन लावला. आईचं इंग्रजी कामाचं आहे, आकड्यांचं, त्यात अशी गोष्ट बसत नव्हती, पण तिने सांगितली. माय डॉटर डज नॉट नो, आय केप्ट इट फॉर प्रेअर. हे ती तीनदा म्हणाली. मिस्टर लिमनी एवढंच सांगितलं की हात लावू नका, हलवू नका, इकडे घेऊन तर अजिबात येऊ नका, मी पोलिसांना कळवतो, ते येतील.

आले दोघं. एक मलय बाई, एक तरुण चिनी मुलगा, माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. दारात बूट काढले. हॉलमधे पाटासमोर उभे राहिले आणि क्षणभर दोघांनाही कळेना की कुठून सुरू करायचं. उदबत्ती अजून जळत होती. त्या बाईंनी विचारलं, आंटी, हे लाल काय आहे? आईने कुंकू म्हणजे काय ते सांगितलं, मग विड्याचं पान का ते सांगितलं, मग सोऱ्या हे हत्यार नसून त्यातून चकली येते हेही, कारण तो मुलगा सोऱ्याकडे जरा जास्तच बघत होता. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. पुंगळी पिशवीत घालताना कुंकू त्याच्या ग्लोव्हला लागलं, तर त्याने आईकडे बघून सॉरी म्हटलं. आईने दोघांना शिरा देऊ केला. ड्यूटीवर आहोत म्हणून त्यांनी पाणी घेतलं. बाबा सगळा वेळ आपलं पास कार्ड हातात धरून उभे होते, कुणी मागितलं नव्हतं. जाताना त्या बाईंनी त्यांना सांगितलं, अंकल, फोन केलात ते बरं केलंत. बाबांनी मान हलवली. त्यांनी केलेला नव्हता, आणि हे ते आजही जेवताना आपणहून सांगतात.

नंतर आई आणि मी दोघींना बोलावून जबाब घेतले. आणखी बरेच दिवस काहीच कळलं नाही, ते दिवस वाईट गेले. फोन वाजला की बाबा आधी आईकडे बघायचे. शेवटी लेखी ताकीद मिळाली आणि प्रकरण मिटलं. बाबांच्या पासला काही झालं नाही. क्लबने मला सहा महिने रेंजवर यायचं नाही असं सांगितलं आणि रायफलचा अर्ज बाजूला ठेवला. शू टिंगची मोजणी एकाने चुकली होती, पण पुंगळी माझ्या बाहीत निघाली, म्हणून नवमीच्याच दिवशी तिचं नाव टीममधे परत घातलं गेलं होतं. ती स्पर्धेत खेळली, वाईट खेळली, पहिल्या फेरीत बाहेर. मी मेसेज केला, मोठा, खूप सॉरी असलेला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मला राग यायचा की आम्ही सांगितलं ना, आम्हाला काय गरज होती. आता कळतं की चार दिवस अख्ख्या क्लबने तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते आमच्या एका फोनने पुसलं जाणार नव्हतं.

सहा महिने मी घरात उशीवर गाल टेकवून श्वास मोजला. अक्रोडवाली दुसऱ्या कुणी घेतली. एका जाड्या अंकलनी, महिन्यातून एकदा येतात, अजून मला तिच्याकडे बघवत नाही. बंदी संपली तेव्हा कमिटीने बोलावलं, आई बरोबर आली, न बोलावता. कुठली रायफल हवीय विचारलं तर माझ्या आधी आईने मिस्टर लिमना विचारलं की डावखुऱ्यांच्या त्या काळ्या रायफलची पुंगळी नेमकी कुठे पडते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईने कागद फिरवून बघितला, आणखी एकदा विचारलं, म्हणजे हिच्या अंगावर नाही? नाही. मग हीच द्या. कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ हसले, म्हणाले मॅडम, शूट तुम्ही करणार की मुलगी? आई म्हणाली, कपडे मी धुते. मला वाटतं त्या एका वाक्याने माझा अर्ज पास झाला, पण मिस्टर लिम म्हणतात तसं काही नाही.

काळी यायला पुढचे पाच महिने गेले. आली त्या दिवशी शस्त्रागाराच्या काउंटरवर ती घेतली, आणि दिसायला प्रिंटरच होती, तक्रार नाही. लेन जुनीच मिळाली. डावीकडे शू टिंग. मी परत आल्यापासून आमचे मोजणारे बदललेले होते, माझ्या पुंगळ्या उजवीकडचा मुलगा मोजायचा, शू टिंगच्या तिच्या पलीकडची मुलगी. आम्ही एकमेकींना हाय म्हणायचो, तेवढंच. मी गालाची पट्टी वर घेतली, एक स्क्रू, दोन स्क्रू, आडवी झाले. पहिला चाप ओढला आणि नाकासमोरून काहीच गेलं नाही. इतकं विचित्र वाटलं की डोळा साइटवरून हलला. तीन वर्षं मी प्रत्येक गोळीच्या आधी नकळत अंग चोरत होते, हे मला ते थांबल्यावर कळलं. दुसरी, तिसरी, चौथी. क्लबच्या रायफली पुंगळ्या जवळच टाकायच्या, ही लांब फेकत होती. सगळ्या पुंगळ्या डावीकडे, दोन लेनच्या मधल्या बुटक्या पार्टिशनवरून, टिक टिक करत शू टिंगच्या मॅटवर. एक तिच्या कोपराला लागलेली मला आवाजावरून कळली. ती हलली नाही, तिचा नेम चालू होता. मी फायरिंग थांबेपर्यंत देवाचं नाव घेत होते.

थांबायचा हुकूम झाला, रायफली खाली, मागे सरकून सगळे उभे राहिलो. उजवीकडचा मुलगा माझा ट्रे घेऊन आला आणि माझ्या मॅटवर बघायला लागला. तिथे एकही पुंगळी नव्हती. शू टिंग गुडघ्यांवर बसून आपल्या मॅटवरून पुंगळ्या वेचत होती, स्वतःच्या एका बाजूला ठेवत, माझ्या ओंजळीत घेत. उठली, त्या मुलाच्या हातातून ट्रे काढून घेतला.

"सगळ्या माझ्याकडेच फेकतेस," ती म्हणाली. "मीच मोजते, लाह."

आणि माझ्यासमोर एकेक करून ट्रेमध्ये टाकत तिने मोजल्या, मोठ्याने, कुणालाही ऐकू जाईल अशा. मग ट्रे रिकामा केला आणि पहिल्यापासून परत मोजल्या.